भांगाचं पाणी

वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरताना बर्फाचा कारखाना लागतो,
त्याच्या माडीवर बस्त्याव रॉड्रिग्जची व्यायामशाळा.
बायकांची वेळ दुपारी दोन ते चार,
म्हणजे पुरुष जेवून आडवे होतात तेव्हा.
खाली क्रशर सुरू झाला की फरशी हलते,
आणि खांद्यावरची दांडी थरथरते
ती माझ्यामुळे की बर्फामुळे, कळत नाही.

इथे लोखंडाला खारं वारं लागतं.
चार दिवस हात लावला नाही की दांडी तांबूस,
मग तळव्यांना दिवसभर वास,
कालवं फोडलेल्या कोयतीचा.
सव्वा किलोची एकच जोडी. त्याहून हलकं काही नाही,
म्हणून मासळीबाजारातली अर्ध्या किलोची दोन वजनं
बस्त्यावने जाळ्याच्या दोरीला बांधून खिळ्याला टांगलीत.
ती कुणाला लागतात, तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी नुसती दांडी घेतली, वीस किलो.
मंगळवार, शुक्रवार. दर खेपेला अडीच जास्त.
वहीत आकडे असे चढत होते
जसं कुणी जिन्याचं चित्र काढतंय.

नवशिकी कधीपर्यंत? ज्याचं त्याचं माप.
नणंद म्हणाली, स्वतःच्या वजनाइतकं उचललंस की सुटलीस.
(माझं वजन मी तिला सांगितलेलं नाही.)
क्रशरवरचा झुबेर म्हणाला, सहा महिने.
खवणेकरांच्या सुनेला वाटायचं, ब्लाउजच्या बाह्या उसवल्या की.
मी मनात साठ धरले होते.
साठ झाले. घरी गेले, पेज टाकली, सुके बांगडे भाजले.
साठ किलो कुणालाच दिसले नाहीत.

दत्तजयंतीच्या सुमारास पासष्टवर अडले.
पहिल्या दिवशी चौथ्या बैठकीला.
पुढच्या खेपेला तिसऱ्या.
मग तर खालीच राहिले,
दांडी आडव्या गजांवर टेकवली
आणि कुर्लीसारखी बाजूने सरकत बाहेर आले.
नीट झोपले. नीट जेवले.
दहा किलो उतरवून पुन्हा चढत आले.
पुन्हा पासष्ट. पुन्हा कुर्ली.
वाटलं, आपलं एवढंच होतं.

बस्त्याव खुर्चीतून उठला नाही.
वीस वर्षं मचव्यावर खलाशी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले.
म्हणाला,
"नवशिको म्हणजे कमी उचलता तो न्हय गो.
आज उचलल्यान, परवा त्याच्यापरास जास्त उचलल्यान,
तो नवशिको.
तुजा उधाण सरला. आता भांग.
पाणी येतला,
पण बांधावर चढाचा नाय."

मी गप्प. खिडकीतून खाली बघितलं:
होड्या अर्ध्या चिखलात, अर्ध्या पाण्यात,
आणि पाणी येतच होतं, कुणाला न सांगता.

त्याने वहीचं पान उलटलं.
मंगळवारपुढे लिहिलं, हलकं. शुक्रवारपुढे, जड.
वाढ आता आठवड्याची,
आणि वाढ म्हणजे खिळ्यावरची ती जोडी.
खाली एक ओळ आणखी: फी, शंभर जास्त.
"नवशिक्यांक सवलत आसता. तुका आता नाय."
मी भांडले. बर्फ कारखान्यातली हिशेबनीस आहे मी,
वितळलेल्या लादीचेही पैसे सोडत नाही.
शेवटी दिले, पण पावती मागून घेतली.
तिच्यावर तारीख आहे. कुणी विचारलं तर दाखवीन.

खरं सांगायचं तर त्या तारखेवर माझा भरवसा नाही.
त्याआधी कधीतरी, बहुतेक कार्तिकात,
मी जिना चढून आले, दांडीवर तांबूस बुरा दिसला,
आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता
चिंधीला खोबरेल लावून पुसायला लागले.
कुणी सांगितलं नव्हतं.
वहीत त्याची नोंद नाही.
त्या दिवसापुढे नुसतं लिहिलंय,
साडेसत्तावन्न.